अमेरिकेतील विद्यापीठ-प्रवेशाचा कायदा आणि आपली भूमिका

(डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीच्या सभेत केलेल्या भाषणाची संहिता)



कार्यकारिणीने आम्हाला मधुमेह व रक्तदाब या विषयावर बोलण्याची आज्ञा केली होती. वैद्यकाचा पेशा पत्करलेल्या माणसाकडून तीच अपेक्षा असणार. परंतु आम्ही विनंती करून विषय बदलून घेतला. त्याला कारण एक बर्फीचा तुकडा आहे.

२९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना या दोन विद्यापीठांच्या खटल्यांत निकाल दिला आणि विद्यापीठ-प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत घटनाबाह्य व बेकायदा ठरविली. त्याच आठवड्यात आपल्यातल्याच एका स्नेह्यांच्या घरी आम्ही जमलो होतो. यजमानांनी बर्फीचा डबा पुढे केला आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तोंड गोड करा. आता आपल्या पोरांचा मार्ग मोकळा झाला." आम्ही बर्फी घेतली, खाल्ली आणि काहीही बोललो नाही. ज्या माणसाचे अवघे आयुष्य राखीव जागेच्या दारातून आत आले, त्याने त्या दिवशी तोंड उघडले नाही. त्या मौनाची भरपाई करण्यासाठी आज आम्ही उभे आहोत.

प्रथम हे समजून घेऊ की, वॉशिंग्टनमधल्या कायद्याचा हात एखाद्या खाजगी विद्यापीठाच्या प्रवेश-कचेरीपर्यंत पोहोचतो कसा. या देशात शिक्षण हा मुख्यतः राज्यांचा विषय आहे आणि खाजगी विद्यापीठांना मोठी स्वायत्तता आहे. फेडरल सरकारचा हात तेथे पोहोचतो तो पैशाच्या वाटेने. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्क कायद्यावर स्वाक्षरी झाली. त्याच्या सहाव्या प्रकरणात, ज्याला येथे 'टायटल सिक्स' म्हणतात, असा दंडक घातला आहे की, फेडरल सरकारची आर्थिक मदत घेणाऱ्या कोणत्याही उपक्रमात वंश, वर्ण किंवा राष्ट्रीय मूळ यांच्या आधारे कोणालाही वगळता येणार नाही अथवा भेदभावाने वागविता येणार नाही. पुढल्याच वर्षी, १९६५ मध्ये, उच्च शिक्षण कायदा आला. विद्यार्थ्यांना फेडरल मदत मिळू लागली आणि संशोधनाची अनुदानेही वाढत गेली. ज्या विद्यापीठाने हा पैसा घेतला, त्याने हा दंडकही घेतला.

या दंडकाचे बळ आम्हा वैद्यकीय मंडळींना चांगले ठाऊक असावयास हवे. १ जुलै १९६६ रोजी वृद्धांसाठी मेडिकेअर योजना सुरू झाली. तोवर दक्षिणेकडील कित्येक इस्पितळांत कृष्णवर्णीयांचे वॉर्ड निराळे असत, रक्ताच्या बाटल्यांवर वंशाच्या चिठ्ठ्या असत, आणि कृष्णवर्णीय डॉक्टरला स्वतःचा रुग्ण दाखल करण्याचा अधिकार नसे. सरकारने सांगितले की मेडिकेअरचा पैसा हवा असेल तर भिंती पाडा. अवघ्या काही महिन्यांत सुमारे एक हजार इस्पितळांनी आपली दारे सर्वांना उघडली. वर्षानुवर्षांच्या उपदेशाने जे झाले नव्हते ते पैशाच्या अटीने झाले. आज त्यांपैकी एखाद्या इस्पितळात आपल्यातला कोणी डॉक्टर पांढरा कोट घालून राउंड घेत असेल, तर त्याने ही तारीख लक्षात ठेवावी.

आणखी एक तारीख सांगतो. ३ ऑक्टोबर १९६५. त्या दिवशी नवा स्थलांतर कायदा झाला. तत्पूर्वी भारतासाठी वर्षाला केवळ १०० जणांचा कोटा होता. तो वांशिक कोटा उखडला गेला, कारण नागरी हक्क चळवळीने वंशभेदाचा आधारच खिळखिळा केला होता. त्या चळवळीत ज्यांनी कुत्र्यांचे चावे सोसले, पाण्याचे फवारे सोसले, तुरुंग भोगले, त्यांत आपल्या गावचा कोणी नव्हता. तरी त्या सोसण्यातून जे दार उघडले त्यातून आपण आत आलो. १९६५ पूर्वीच्या कायद्याखाली या सभागृहातील किती जण येथे असते, याचा विचार प्रत्येकाने मनाशी करावा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रवेशाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर ज्या खटल्याने ठळकपणे आला तो वैद्यकीय महाविद्यालयाचाच होता. त्याची पार्श्वभूमी अशी. १९१० साली फ्लेक्सनर अहवाल प्रसिद्ध झाला. वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा उंचावण्यात त्याचा मोठा वाटा आहे, हे आम्ही कृतज्ञतेने मानतो. पण त्या वेळच्या सात कृष्णवर्णीय वैद्यकीय महाविद्यालयांपैकी पाच बंद करावीत, अशीही शिफारस त्यात होती. १९२३ पर्यंत हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच उरली. पुढे अनेक दशके देशातील बहुसंख्य कृष्णवर्णीय डॉक्टर या दोन संस्थांतूनच बाहेर पडले. डॉक्टर कमी का, या प्रश्नाचे उत्तर ज्यांना बुद्धीमध्ये शोधावयाचे असेल त्यांनी शोधावे. आम्हाला ते बंद केलेल्या इमारतींमध्ये सापडते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाने डेव्हिस येथे वैद्यकीय महाविद्यालय १९६८ मध्ये सुरू केले. पहिल्या तुकडीत ५० विद्यार्थी होते आणि त्यांत एकही कृष्णवर्णीय नव्हता, एकही मेक्सिकन वंशाचा नव्हता, एकही मूळनिवासी अमेरिकन नव्हता. पुढे जागा १०० झाल्या आणि त्यांपैकी १६ जागा वंचित अल्पसंख्याकांसाठी वेगळ्या ठेवण्यात आल्या. अ‍ॅलन बाकी नावाच्या श्वेतवर्णीय अभियंत्याने १९७३ व १९७४ अशी दोन वर्षे अर्ज केला, दोन्ही वेळा त्याला नकार मिळाला आणि तो न्यायालयात गेला. त्याच महाविद्यालयात अधिष्ठात्यांच्या मर्जीतील काही उमेदवारांना नेहमीची प्रक्रिया डावलून प्रवेश मिळत असे, ही गोष्टही त्याच काळात उघड झाली. परंतु खटला झाला तो १६ जागांवर. मर्जीच्या जागांवर कोणी खटला केला नाही.

२८ जून १९७८ रोजी निकाल लागला. चार न्यायमूर्ती एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला आणि मध्ये न्यायमूर्ती पॉवेल. त्यांनी सांगितले की जागा राखून ठेवता येणार नाहीत, मात्र वर्गात विविधता असावी या हेतूने वंश हा अनेक घटकांपैकी एक म्हणून विचारात घेता येईल. त्यासाठी त्यांनी आदर्श म्हणून हार्वर्डच्या प्रवेश-पद्धतीचा दाखला दिला. समाजाने केलेल्या अन्यायाचे परिमार्जन हे कारण मात्र त्यांनी पुरेसे मानले नाही. त्याच निकालात न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी स्वतंत्र मत लिहून गुलामगिरीपासूनचा सारा इतिहास मांडला आणि ज्या संविधानाने एवढा काळ भेदभाव चालू दिला, तेच आता त्यावरील उपायाच्या आड कसे यावे, असा सवाल केला. ते मत बहुमताचे झाले नाही.

येथे थोडे थांबून भारताकडे पाहू, कारण आपल्याकडेही हाच प्रसंग आला होता आणि तोही वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशावरूनच. मद्रास प्रांतात जमातवार जागा वाटून देणारा शासकीय आदेश होता. चंपकम दोराईराजन खटल्यात तो ९ एप्रिल १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते. त्याच वर्षी जून महिन्यात पहिली घटनादुरुस्ती झाली आणि १५व्या अनुच्छेदात चौथे कलम आले. सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागासलेल्या वर्गांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा राज्याला स्पष्ट शब्दांत मिळाली. दोन देशांतील फरक येथे आहे. भारताने आपले देणे वहीत नोंदविले. अमेरिकेने ते नोंदविण्याचे टाळले आणि 'विविधता' या गोड नावाखाली थोडी उसनवार देण्याची सोय केली. विविधतेत लाभ कोणाचा? प्रामुख्याने त्या वर्गात आधीपासून बसलेल्यांचा, कारण निरनिराळ्या माणसांच्या सहवासाने त्यांचे शिक्षण समृद्ध होते. बाबासाहेबांनी सोयीचे सहवासी होण्याचा हक्क कधीच मागितला नाही. त्यांनी प्रतिनिधित्व मागितले. एक मेहेरबानी आहे आणि दुसरा अधिकार आहे. मेहेरबानी काढून घेता येते.

ती पुढे काढून घेतली गेलीच. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव क्रमांक २०९ मंजूर करून राज्याच्या विद्यापीठांत वंशाचा विचार बंद केला. त्याच वर्षी टेक्सासमध्ये फेडरल अपील न्यायालयाने तसाच निकाल दिला, तेव्हा त्या राज्याने १९९७ मध्ये प्रत्येक शाळेतील वरच्या दहा टक्के मुलांना राज्याच्या विद्यापीठांत प्रवेश देणारा कायदा केला. २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठाचे दोन खटले एकाच दिवशी निकालात निघाले. पदवीपूर्व प्रवेशासाठी दीडशे गुणांचा तक्ता होता आणि त्यात अल्पसंख्याकांना सरसकट २० गुण मिळत. ते रद्द झाले. त्याच तक्त्यात माजी विद्यार्थ्यांच्या मुलांनाही ४ गुण मिळत होते, हे सहसा कोणी सांगत नाही. विधी महाविद्यालयाची पद्धत मात्र टिकली, कारण तेथे प्रत्येक अर्जाचा समग्र विचार होत असे. न्यायमूर्ती ओकॉनर यांनी तेव्हा आशा व्यक्त केली की २५ वर्षांनंतर अशा पद्धतीची गरज उरणार नाही. २५ वर्षे पूर्ण होण्याची वाटही पाहिली गेली नाही. २० वर्षांनी न्यायालयाने दार लावले, आणि ज्या हार्वर्डचा दाखला १९७८ मध्ये आदर्श म्हणून दिला होता, त्याच हार्वर्डला लावले.

हा खटला आशियाई विद्यार्थ्यांच्या नावाने लढविला गेला, म्हणून तो आपल्या घरापर्यंत आला. येथे आम्ही प्रामाणिक राहू इच्छितो. तक्रार सर्वस्वी पोकळ नव्हती. हार्वर्डमध्ये स्वभाव व व्यक्तिमत्त्व यांना एक श्रेणी दिली जात असे आणि त्या श्रेणीत आशियाई अर्जदार सरासरीने खाली राहत, हे न्यायालयासमोर आले. ज्यांनी त्या मुलांना कधी पाहिले नाही त्यांनी त्यांचा स्वभाव उणा ठरवावा, हे कोणालाही बोचेल. कनिष्ठ न्यायालयाने २०१९ मध्ये जाणूनबुजून भेदभाव झाल्याचे सिद्ध होत नाही असे म्हटले, तरी ते बोचणे खरेच आहे.

पण त्याच खटल्याच्या कागदपत्रांतून आणखी एक हिशेब निघाला. हार्वर्डमध्ये प्रवेश मिळालेल्या श्वेतवर्णीय विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जण खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, देणगीदार वगैरेंमुळे अधिष्ठात्यांच्या खास यादीत आलेली मुले किंवा प्राध्यापकांची मुले या चार गटांतले होते. कृष्णवर्णीय, आशियाई व हिस्पॅनिक विद्यार्थ्यांत हेच प्रमाण १६ टक्क्यांच्या आत होते. म्हणजे आजोबांच्या पदवीमुळे नातू आत जातो ती परंपरा, आणि आजोबांच्या बेड्यांमुळे नातवाचा विचार केला तर तो भेदभाव! वर्णव्यवस्थेची ओळख असलेल्या माणसाला हे गणित चटकन कळावे. जन्माने मिळणाऱ्या अधिकाराला आपल्याकडे काय म्हणतात, हे या सभेला सांगावयास नको. समाधानाची गोष्ट एवढी की २०२४ मध्ये व्हर्जिनिया, इलिनॉय, मेरीलँड आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी या वारसा-प्रवेशाविरुद्ध कायदे केले, आणि त्यांतील मेरीलँड व कॅलिफोर्निया यांनी खाजगी संस्थांनाही त्यात ओढले.

निकालाचा परिणाम काय झाला? मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत २०२४ मध्ये दाखल झालेल्या तुकडीत कृष्णवर्णीय विद्यार्थी ५ टक्के होते. आधीच्या वर्षांची सरासरी १३ टक्के होती. आशियाई ४१ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर गेले. सर्वच विद्यापीठांत असे घडले नाही, काही ठिकाणी फारसा फरक पडला नाही, हेही सांगितले पाहिजे. तरी आमच्या स्नेह्यांची बर्फी कशाची होती, ते या आकड्यांवरून दिसते. ज्या देशाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय १३ टक्क्यांहून अधिक आहेत, त्या देशाच्या डॉक्टरांत त्यांचे प्रमाण सहा टक्क्यांपर्यंतही पोहोचलेले नाही. आकडे न मोजल्याने विषमता नाहीशी होत नाही. तापमापक फोडून ताप उतरल्याचे आम्ही तरी कोठल्या वॉर्डात पाहिले नाही.

आता थोडे आमच्याविषयी, कारण स्वतःला वगळून केलेले भाषण खरे नसते.

आमचे वडील एस.टी.च्या आगारात मेकॅनिक होते. १९८८ मध्ये आम्ही महाराष्ट्रातील एका वैद्यकीय महाविद्यालयात अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या १३ टक्क्यांतून दाखल झालो. प्रवेशाच्या याद्या फलकावर लागल्या होत्या आणि प्रत्येक नावापुढे प्रवर्ग होता. पहिल्याच महिन्यात शवविच्छेदनाच्या दालनात एका शिक्षकांनी आम्हा चौघांना उभे करून विचारले, "तुम्ही कोणत्या यादीतले?" वसतिगृहात 'सरकारी जावई' हे आमचे सामुदायिक नाव होते. शिष्यवृत्ती दरवर्षी उशिरा येई आणि खानावळीचे पैसे तुंबले की त्या नावाला अधिक धार चढे. पण ही गोष्ट ध्यानात घ्या: प्रवेशाची यादी निराळी होती, उत्तीर्ण होण्याचे गुण निराळे नव्हते. शेवटच्या वर्षाची परीक्षा, रुग्ण, परीक्षक, सारे एकच होते. पुढे या देशात येऊन परवाना-परीक्षा दिल्या, त्याही सर्वांना होत्या त्याच. आज तीस वर्षांनी इस्पितळात अतिदक्षता विभागात आमचा हात ज्या रुग्णाच्या नाडीवर असतो, त्याने आम्हाला आमची यादी कधी विचारली नाही.

त्या प्रवर्गाने अपमान दिला, हे खरे. पण त्याच प्रवर्गाने एक मोठी गोष्टही दिली, जी तेव्हा आम्हाला उमगली नव्हती. आमच्या आईवडिलांवर काय गुदरले, हे आम्हाला कोणत्याही अर्जात लिहावे लागले नाही. जातीचा दाखला जोडला की पुरे. अन्याय झाला होता हे राज्याने आधीच मान्य केले होते. तो सिद्ध करण्याचा भार सतरा वर्षांच्या पोरावर नव्हता.

हे आम्हाला उमगले ते निकालानंतरच्या शरद ऋतूत, धाकट्या मुलीच्या अर्जाच्या वेळी. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालात एक फट ठेवली आहे. वंशाचा आपल्या जीवनावर कसा परिणाम झाला, हे अर्जदाराने निबंधात लिहिले तर विद्यापीठाला ते विचारात घेता येते, मात्र ते त्या व्यक्तीच्या धैर्याशी, गुणांशी किंवा क्षमतेशी जोडलेले असले पाहिजे. मुलीने विचारले, "बाबा, मी जातीविषयी लिहू का?" आम्ही उत्साहाने तिला तिच्या आजीची हकीकत सांगू लागलो, गावची विहीर, लांबून ओतलेले पाणी. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "पण बाबा, मला कोणी विहिरीवरून हाकलले नाही. आजीच्या दुःखावर मी प्रवेश मागायचा का?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. दोन दिवस घरात तो विषय निघाला नाही. मग तिने स्वतःच एक प्रसंग लिहिला. भारतीय मुलांच्या एका स्नेहसंमेलनात तिच्या मैत्रिणीच्या आईने तिला प्रथम आडनाव विचारले, मग आजोबांचे गाव विचारले, मग पुन्हा आडनाव विचारले, आणि त्यानंतर त्या घरचे निमंत्रण कधी आले नाही. ही गोष्ट तिने आम्हाला तीन वर्षे सांगितली नव्हती. न्यायालयाने मोकळी ठेवलेली फट ही अशी आहे. तिच्यातून आत जावयाचे तर लेकराने आपली जखम उघडी करून अनोळखी माणसासमोर धरावयाची आणि ती शोभेल अशा भाषेत मांडावयाची. जे काम समाजाच्या वहीने करावयाचे ते एका मुलीच्या साडेसहाशे शब्दांवर आले. ज्या कृष्णवर्णीय मुलाला निबंध तपासून देणारा डॉक्टर बाप नाही, त्याने काय करावे?

यातून एक कडवट सत्यही स्वीकारले पाहिजे. आमची मुले आता वंचित नाहीत. चांगली शाळा, स्वतंत्र खोली, शिकवणी, सारे त्यांना आहे. म्हणून आम्ही आमच्या मुलांसाठी या देशाकडे राखीव जागा मागत नाही. पण आपण वर आलो म्हणून शिडीच अन्यायाची होती असे म्हणणे, याला आमच्या मते कृतघ्नता हाच शब्द आहे. त्यात आपला दीर्घकालीन स्वार्थही नाही. जातीचा प्रश्न या देशात कायद्याच्या दारात येऊन उभा आहे. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. २०२१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेने केला, जेथे बाकी खटल्याचा उगम झाला तीच ही डेव्हिस. जानेवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाच्या साऱ्या शाखांनी केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने तसा कायदा केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी जातिभेदविरोधी विधेयक नामंजूर केले आणि वंशावळीच्या आधारे होणारा भेदभाव विद्यमान कायद्यात आधीच निषिद्ध आहे, असे कारण दिले. या सर्व ठिकाणी आपल्या तरुणांच्या पाठीशी कोण उभे राहिले, ते आठवा. कामगार संघटना, कृष्णवर्णीय विद्यार्थी, नागरी हक्कांचे वकील. सोमवारी 'जात बघा' म्हणावयाचे आणि मंगळवारी 'वंश बघू नका' म्हणणाऱ्यांच्या पंगतीला बसावयाचे, हे आपल्याला शोभणार नाही.

शेवटी पैशाच्या त्या वाटेविषयी एक सावधगिरीची सूचना. १९६६ मध्ये ज्या अटीने भिंती पाडल्या, ती अट दुधारी आहे. मार्च २०२५ मध्ये फेडरल सरकारने, ज्यू विद्यार्थ्यांच्या छळाकडे दुर्लक्ष झाल्याच्या आरोपावरून, कोलंबिया विद्यापीठाची सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदाने व कंत्राटे रद्द केली. जुलैमध्ये विद्यापीठाने एकूण २२ कोटी १० लाख डॉलर भरण्याचे मान्य करून तडजोड केली, आणि त्या तडजोडीत प्रवेशाची वंशवार आकडेवारी सादर करण्याचीही अट आहे. ज्या कोलंबियात १९१३ ते १९१६ या काळात बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर एक अस्पृश्य तरुण शिकला, ज्या कोलंबियाने १९५२ मध्ये त्याला सन्माननीय पदवी दिली, त्याच विद्यापीठाची ही गोष्ट. कोणत्याही समाजाच्या विद्यार्थ्याचा छळ निंद्यच आहे. पण कायद्याचे तेच कलम एका हातात भिंत पाडते आणि दुसऱ्या हातात भिंत उभारू शकते, हे येथे दिसते. संविधान कितीही चांगले असले तरी ते राबविणारे कसे आहेत यावर सारे अवलंबून असते, हा बाबासाहेबांचा इशारा केवळ भारतापुरता नव्हता.

मग आपण काय करावे? आम्ही चारच गोष्टी सुचवितो. पहिली, ज्या विद्यापीठांत आपण शिकलो किंवा शिकवितो, तेथे वारसा-प्रवेश बंद करावा असे पत्र आपल्या नावाने लिहावे, जरी त्याचा लाभ उद्या आपल्याच मुलांना होणार असला तरी. विशेषतः तेव्हाच लिहावे. दुसरी, त्याच विद्यापीठांकडे जातीचा उल्लेख धोरणात करण्याची मागणी करावी. तिसरी, आपल्या मुलांना फुले-शाहू-आंबेडकरांबरोबर थर्गुड मार्शल यांचे मतही वाचावयास द्यावे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. तो पत्रव्यवहार आपल्या घरात पुढे चालू राहिला पाहिजे. चौथी गोष्ट सर्वांत साधी आहे. फेडरल शिक्षण-मदतीचा अर्ज, ज्याला येथे 'फाफ्सा' म्हणतात, तो भरताना गरीब घरची मुले अडखळतात आणि पेल अनुदानासारख्या हक्काच्या पैशाला मुकतात. दर शरद ऋतूत महिन्यातून एक शनिवार आपण आपल्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसावे आणि जो येईल त्याचा अर्ज व निबंध पाहून द्यावा. येणारा कोणत्या यादीतला आहे, हे विचारू नये. आम्ही व आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्या शनिवारी बसण्याचे ठरविले आहे. आमची मुलगी सुटीत घरी असेल तेव्हा येणार आहे.

ज्या स्नेह्यांनी बर्फी दिली ते आज येथे उपस्थित आहेत. हे भाषण आम्ही त्यांना कालच दूरध्वनीवर वाचून दाखविले. त्यांना सारेच पटले असे नाही. पण पहिल्या शनिवारी खुर्च्या लावावयास येतो, असे त्यांनी सांगितले आहे.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.

जय भीम! जय भारत!